गणपतीच्या कारखान्यात ॲनोमॅलोकॅरिस: कामाच्या नोंदी

२१ ऑक्टोबर २०२४, पेण

काम पक्कं झालं. एका शाळेच्या नव्या विज्ञानदालनात छताला टांगायला ॲनोमॅलोकॅरिस हवा आहे, म्हणजे पन्नासेक कोटी वर्षांपूर्वी समुद्रात पोहणारा, आता नामशेष झालेला शिकारी प्राणी. फायबरचा, पोकळ, पाच किलोच्या आत. सरांची मागणी फोनवर ऐकली तशी लिहून ठेवते: लांबी एक मीटर, तोंड वासलेलं, तोंडात ट्रायलोबाइट (त्याच काळातला कडक कवचाचा समुद्री जीव), "मुलं दचकली पाहिजेत, मॅडम." पोहोचवायची तारीख १० जानेवारी. बाबांची अट वेगळी. १ फेब्रुवारीला माघी गणपती आहेत, त्यामुळे डिसेंबर संपायच्या आत मधली मोठी फळी रिकामी पाहिजे.

एम.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं तेव्हा आत्या म्हणाली होती, गणपतीच्या कारखान्यात त्याचा काय उपयोग? आजवर उंदराच्या मिशा कुठून फुटतात हे सांगण्यापलीकडे खरंच झाला नव्हता.

२४ ऑक्टोबर

सांगाडा उभा केला. मधोमध सळई, तिला आडव्या तारा, वरून कोंबडीजाळी. नव्वद सेंटिमीटर धड, पुढे दहा सेंटिमीटर वाकलेले दोन पाय. माझ्याकडच्या जुन्या पुस्तकातल्या चित्रात शेजारी माणसाचा पाय काढलाय, त्यावरून माप घेतलं. एका दुपारीत झालं. फार सोपं गेलं, तेव्हाच शंका यायला हवी होती.

२८ ऑक्टोबर

सांगाडा बाद.

रात्री निवांत वाचायला बसले. मीटरभर हा जुना अंदाज निघाला. २०१८ साली मापं नव्याने काढली गेली, त्यात ॲनोमॅलोकॅरिस कॅनाडेन्सिस या आपल्या जातीचं धड जास्तीत जास्त ३८ सेंटिमीटरच्या आसपास येतं, पुढचे दोन पाय आणि शेपटीचा पंखा सोडून. तोही आकडा मोठमोठ्या सुट्या पायांवरून मागे हिशेब करत काढलेला. पाय मात्र लांब, सरळ केले तर १८ सेंटिमीटरपर्यंत. म्हणजे माझ्या सांगाड्यात धड अडीचपट आणि पाय खऱ्याहूनही आखूड.

सरांना फोन केला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "म्हणजे बांगड्याएवढा?"

बांगड्यापेक्षा बराच मोठा, म्हटलं. आणि त्या काळच्या समुद्रात बहुतेक जीव बोटाच्या पेराएवढे, तिथे ३८ सेंटिमीटर म्हणजे दांडगाच. त्यांना पटलं नाही, पण वर्गणीदारांची नावं असलेला फलक आधीच छापून झालाय, त्यामुळे विषय बदलता येईना. तोड अशी निघाली: दुप्पट माप, म्हणजे धड ७६ सेंटिमीटर, आणि खाली भिंतीवर खऱ्या मापाची काळी आकृती.

मीटरचा सांगाडा माळ्यावर टाकला. बाबांनी वर बघून विचारलं, "सळई तरी काढून घेतलीस का?" नाही घेतली.

६ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपली. शाडू भिजवली होती ती मळून घेतली, सुरुवात पुढच्या पायांपासून.

शास्त्राच्या पुस्तकात त्यांना उपांगं म्हणतात. कारखान्यात तो शब्द एक दिवससुद्धा टिकला नाही. नाना त्यांना सोंडा म्हणायला लागले, मग सगळेच म्हणायला लागले. डावी सोंड, उजवी सोंड. "दोन्ही सोंडांचा देव आहे, सोवळ्यात करा," असं म्हणून नाना स्वतःच हसले.

एका सोंडेला चौदा पेरं. बुडाचं जाड, टोकाकडे निमुळतं होत जाणारं. पेरांच्या खालच्या अंगाला काट्यांच्या जोड्या, एक लांब, पुढची आखूड, पुन्हा लांब. त्या काट्यांनाही बारीक उपकाटे. शाडूत उपकाटे टिकत नाहीत, सुकताना गळतात. ते नंतर तारेचे लावीन.

संध्याकाळी डावी सोंड फळीवर सुकायला ठेवली होती. आत्या चहा घेऊन आली, बघितलं आणि म्हणाली, "एवढं मोठं कोलंबीचं शेपूट कशाला केलंस?"

मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. कारण हेच, अगदी हेच, १८९२ साली झालं होतं. कॅनडाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे जोसेफ व्हाइटीव्ह्ज यांच्यासमोर माउंट स्टीफन डोंगरावरचे असे सुटे तुकडे होते. त्यांनाही ते कोलंबीसारख्या प्राण्याचं बिनडोक्याचं धड वाटलं. काटे म्हणजे पाय, असा त्यांचा समज. पण ते धड ओळखीच्या कुठल्याच कोलंबीत बसेना, म्हणून नाव ठेवलं ॲनोमॅलोकॅरिस, विचित्र कोलंबी. पाय सापडला होता आणि नाव अख्ख्या प्राण्याला पडलं. आत्याला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग मी काय चूक बोलले?"

१२ नोव्हेंबर

तोंड केलं. दोन दिवस लागले, पण सुरेख उतरलं. गोल चकती, मध्ये चौकोनी भोक, भोकाभोवती बत्तीस पाती. त्यांतली चार मोठी, अधिकचिन्हासारखी समोरासमोर. प्रत्येक पात्याच्या आतल्या टोकाला दात. अननसाची चकती दिसते तसं. धाकट्याने मोबाइलवर फोटो काढून गावभर पाठवला.

ही चकतीसुद्धा आधी स्वतंत्र प्राणी होती. चार्ल्स वॉलकॉट त्या वेळी अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख. १९०९ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या फील्ड गावाच्या वर त्यांना बर्जेस शेल हा जीवाश्मांनी भरलेला पातळ थरांचा दगड सापडला. १९११ मध्ये त्यांनी ही चकती जेलीफिश म्हणून नोंदवली, नाव पेयटोइया. एक चपटं धड मिळालं ते समुद्रकाकडी म्हणून नोंदवलं, नाव लॅगानिया. पाय म्हणजे कोलंबी, तोंड म्हणजे जेलीफिश, अंग म्हणजे समुद्रकाकडी. एकाच घराण्याच्या जनावरांची तीन तुकड्यांत वाटणी, आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःचं नाव.

याला वॉलकॉटांचा निष्काळजीपणा म्हणवत नाही. तिथले जीव चिखलाखाली गाडले जाऊन दगडात कागदासारखे चपटे झालेत, तुकडे बहुतेक वेळा सुटे मिळतात. आमच्या कारखान्यात सप्टेंबरनंतर कोपऱ्यात हात, परशू, मुकुट, उंदीर असा ढीग साचतो. ज्याने आयुष्यात गणपती पाहिला नाही त्याला त्या ढिगातून किती देव जुळवता येतील?

१५ नोव्हेंबर

तोंड फोडलं.

म्हणजे अगदी फोडलं नाही, कापडात गुंडाळून बाजूला ठेवलं. पण या मॉडेलला ते चालणार नाही. बत्तीस पात्यांचं, चार मोठ्यांचं तोंड पेयटोइयाचं आहे, आणि पेयटोइया हा आता वेगळा प्राणी धरतात, ॲनोमॅलोकॅरिसचा नातेवाईक. २०१२ मध्ये ॲलिसन डेली आणि यान बर्गस्ट्रॉम यांनी ॲनोमॅलोकॅरिसची स्वतःची तोंडं तपासली. त्यात मोठी पाती तीन, मधे लहान-मोठी अनेक, भोक लहान आणि वेडंवाकडं, पात्यांवर खवल्यांसारखे उंचवटे. अननसाची चकती नव्हेच.

गंमत अशी की ही गल्लत मुळात प्राणी जुळवतानाच झाली होती. १९७९ साली डेरेक ब्रिग्ज यांनी आधी ओळखलं की 'कोलंबीचं धड' हा एका मोठ्या प्राण्याचा पाय असणार. त्याआधी वर्षभर सायमन कॉन्वे मॉरिस म्हणत होते की लॅगानिया म्हणजे स्पंज, त्याच्या डोक्यावर योगायोगाने जेलीफिश येऊन बसलेला. मग हॅरी व्हिटिंग्टन एका जुन्या नमुन्यावरून दगडाचे पापुद्रे काढत गेले, तर धडाच्या पुढच्या टोकाशी तो 'पाय' निघाला. जेलीफिश म्हणजे तोंड. १९८५ साली व्हिटिंग्टन आणि ब्रिग्ज यांनी अख्खा प्राणी मांडला. पण जुळवताना दोन प्राण्यांचे अवयव एका नावाखाली आले. पुढे टोरांटोच्या रॉयल ऑन्टारियो म्युझियमच्या डेस्मंड कॉलिन्स यांना अधिक पूर्ण नमुने मिळाले, तेव्हा १९९६ मध्ये दोघांची फारकत झाली. तोंडाचा घोळ तरी उरलाच, तो २०१२ पर्यंत.

मी नोव्हेंबर २०२४ मध्ये तोच घोळ पुन्हा केला. फोटो गावभर गेलाय तो गेलाच.

२० नोव्हेंबर

नवं तोंड. जुन्याइतकं देखणं नाही. नाना म्हणाले, "आधीचं छान होतं की." होतंच.

२६ नोव्हेंबर

अंगाच्या दोन्ही बाजूंच्या पाकळ्या. हाच प्राण्याचा खरा पसारा. मानेशी छोट्या, मग धडाला तेरा जोड्या, पुढच्या रुंद आणि मागे जाता जाता लहान. त्या लाटेसारख्या हलवत तो पोहायचा. शेवटी शेपटीचा पंखा, तीन जोड्या पात्यांचा, मध्ये एक छोटं पातं.

पाकळ्या पत्र्याच्या कटरने शाडूच्या लाटीतून कापल्या, दोन्ही बाजूंच्या मिळून सव्वीस. बाबांनी हौसेने लावायला घेतल्या. दुपारी बघितलं तर एकावर एक कौलांसारख्या बसवलेल्या, पुढचीची मागची कड मागचीच्या वर. सुबक, पाणी ओघळेल अशा. माश्याचे खवलेही तसेच असतात, त्यामुळे हात आपोआप तसाच जातो.

पण इथे रचना उलटी आहे. प्रत्येक पाकळीची पुढची कड तिच्या आधीच्या पाकळीच्या मागच्या कडेवर चढते. उलटी कौलं. पावसात गळतील अशी.

बाबांना सांगायला जीव होईना. ते चाळीस वर्षं मूर्ती करतायत. शेवटी सांगितलंच. त्यांनी एक पाकळी उचलून उलटी धरली, दुसरीवर ठेवली, दोन्ही हातांनी एक लाट काढून बघितली, पुन्हा काढली. मग ओल्या फडक्याने सगळ्या सांधी भिजवून तेराच्या तेरा जोड्या सोडवल्या. रात्री साडेदहाला काम संपलं. बोलले काहीच नाहीत, पण जेवताना आत्याला म्हणाले, "त्या प्राण्याची कौलं उलटी आहेत."

४ डिसेंबर

सर येऊन बघून गेले. शाडूत सगळा आकार उभा आहे, त्यामुळे खूश दिसले. मग विचारलं, "ट्रायलोबाइट कुठे?"

धाकट्याने केलेला ट्रायलोबाइट दाखवला. छान झालाय, पाठीवर तीन उभे भाग, कडा काटेरी. सर म्हणाले, द्या तोंडात.

इथे माझं त्यांच्याशी वाजलं, शक्य तितक्या आदराने. लोकांच्या डोक्यात ॲनोमॅलोकॅरिस हा ट्रायलोबाइट कडाकडा फोडणारा राक्षस आहे. चावल्यासारख्या जखमा असलेले ट्रायलोबाइट मिळाले, आणि एवढा मोठा संशयित दुसरा कुणी नव्हता. पण २०२३ मध्ये रसेल बिकनेल आणि सहकाऱ्यांनी सोंडांचा संगणकावर ताण तपासला, आजच्या चाबूकशेपटी विंचवांशी आणि चाबूककोळ्यांशी तुलना करून. भक्ष्य पकडताना सोंडांवर इतका ताण येतो की कडक कवच धरायला गेला असता तर त्याच मोडल्या असत्या, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे हा उघड्या पाण्यात मऊ जीवांच्या मागे झपाट्याने जाणारा शिकारी. आणि सोंडा पुढे सरळ ताणून धरल्या की तो सगळ्यात चांगला पोहतो, असंही त्यात निघालं.

सर म्हणाले, "मुलांना काय आवडणार, मॅडम? मऊ खाणारा?"

मी टेप घेतली. धड ७६, पुढे ताणलेल्या सोंडा ३६, झाले ११२. शिवाय शेपटीचा पंखा. सोंडा पुढे ताणल्या तर तुमचा मीटर भरून वर उरतो, म्हटलं. हा हिशेब त्यांना ताबडतोब पटला. ट्रायलोबाइट तळाच्या वाळूवर चालताना ठेवायचा, तो वरच्याला घाबरायचं की नाही हे स्वतः ठरवेल.

जाताना सरांनी विचारलं, हे आपल्याकडे मिळतात का? आपल्या सह्याद्रीत नाही. आपला काळा दगड साडेसहा-पावणेसात कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, या प्राण्याच्या मानाने कालपरवाचा. या प्राण्याच्या, म्हणजे कॅम्ब्रियन काळाचे ट्रायलोबाइट हिमालयात स्पितीच्या खोऱ्यात मिळतात. ते ऐकून सहलीचं बोलायला लागले.

१३ डिसेंबर

साचे. धडाचा दोन भागांत, सोंडांचे रबराचे वेगळे. मेण लावलं, जेलकोट दिला, मग मॅट आणि रेझिन. उजवी सोंड वाया गेली. धाकट्याने थंडी आहे म्हणून हार्डनर जरा जास्त घातला आणि साचा उन्हात नेऊन ठेवला. तापून वाफ निघाली, उघडतो तर आठव्या पेराशी आरपार तडा. आठवं पेर ते बुड असा अर्धा तुकडा फळीवर पडला होता, आणि खरं सांगते, तेवढाच बघितला असता तर मीही कोलंबी म्हटलं असतं.

पुन्हा भरली. या वेळी सावलीत.

२१ डिसेंबर

डोळे. हे नानांचं खातं. आमच्याकडे आखणी तेच करतात, मूर्तीला नजर शेवटी त्यांच्या कुंचल्याने येते, आणि त्या वेळी शेजारी कोणी बोललेलं त्यांना चालत नाही.

ॲनोमॅलोकॅरिसचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना देठांवर. त्यांचा उत्तम पुरावा कॅनडातला नाही, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कांगारू बेटावरच्या इमू बे शेलमधला आहे, साधारण ५१ कोटी वर्षांपूर्वीचा, याच्या तिकडच्या भावकीचा. २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन-तीन सेंटिमीटरच्या डोळ्यात सोळा हजारांहून जास्त भिंगं. आजच्या चतुराशी बरोबरी करण्याइतकी.

नानांना आकडा सांगितला. त्यांनी चष्मा काढून पुसला. "बाप्पाच्या दोन डोळ्यांना मला अर्धा तास लागतो. सोळा हजारांना किती, हिशेब कर."

त्यांनीच मार्ग काढला. घरून जुनी मच्छरदाणी आणली, षटकोनी जाळीची. पाच सेंटिमीटरच्या एम-सीलच्या घुमटावर ओलेपणी ताणून दाबली आणि सोलून काढली. घुमटभर षटकोनी खळगे उमटले. एक चौरस सेंटिमीटर मोजून हिशेब केला, एका डोळ्यावर हजार-बाराशे बसतात. खऱ्याच्या जवळपासही नाही, आणि आमचा डोळा दुप्पट मापाचा. पण खालून बघणाऱ्याला भिंगांचा डोळा आहे हे कळतं.

वर काळा रंग, त्यावर वार्निश. नानांची सवय अशी की बाहुलीत पांढरा ठिपका द्यायचा, त्याशिवाय नजर जिवंत होत नाही. इथे बाहुलीच नाही. ब्रश हातात धरून बराच वेळ थांबले. मग ठिपका न देताच धुऊन ठेवला.

२७ डिसेंबर

रंग. या प्राण्याचा रंग दगडात उरलेला नाही, त्यामुळे इथे जे करू ते आमचं. इंटरनेटवर बहुतेक जण त्याला लालभडक करतात, शिजवलेल्या कोलंबीसारखा. मला ते खटकतं. जिवंत कोलंबी लाल नसते.

बाजारात जाऊन माकूल आणि चिंबोरी बघून आले. उघड्या पाण्यात पोहणाऱ्याची पाठ गडद आणि पोट फिकं असणं वरून-खालून लपायला सोयीचं. म्हणून पाठीवर चिंबोरीचा मातकट हिरवा, पोटाला माकुलासारखा दुधी, सोंडांच्या काट्यांना गडद टोकं. डोक्यावरच्या छोट्या अंडाकृती ढालीला थोडा मोती रंग, कारण नानांनी मोती रंगाचा डबा उघडून ठेवला होता आणि नाही म्हणवेना.

फळी रिकामी. बाबांनी लगेच माघीच्या मूर्ती मांडल्या.

३० डिसेंबर

धड बंद करायच्या आधीचं शेवटचं काम. मूर्तीच्या बैठकीखाली आम्ही साल आणि कारागिराचं नाव टाकतो. इथे बैठक नाही, म्हणून पोटाच्या आत, फायबरवर, काळ्या रंगाने लिहिलं:

माप दुप्पट, २०१८ च्या अंदाजाने. तोंड २०१२ प्रमाणे, तीन मोठी पाती. सोंडा सरळ, २०२३ प्रमाणे. पाकळ्या उलट्या चढवल्यात, चूक समजून सुधारू नये. डोळ्यांची भिंगं कमी आहेत. रंग आमचा. पेण, डिसेंबर २०२४.

बाबांनी वाचलं आणि म्हणाले, पाकळ्यांचं जरा मोठ्या अक्षरात लिही. लिहिलं. वर झाकण बसवून सांधीत पुट्टी भरली, घासली, रंगाचा हात दिला.

१० जानेवारी २०२५

टांगला. चार नायलॉनचे दोरे, दोन पुढे दोन मागे, वजन ४ किलो ३०० ग्रॅम. खाली वाळूच्या ट्रेमध्ये ट्रायलोबाइट, भिंतीवर खऱ्या मापाची काळी आकृती. टेम्पोत उजवीकडची सातवी पाकळी घासली होती, रंग सोबत नेला होता म्हणून तिथेच शिडीवर चढून दुरुस्त केली.

शाळेच्या सुताराने खालून बघून सांगितलं, पाकळ्या उलट्या लागल्यात.